गाठ जठराशी आहे

१६ फेब्रुवारी २०१३ रोजी न्यू जर्सीचे तेव्हाचे गव्हर्नर ख्रिस ख्रिस्ती खोटं नाव सांगून रुग्णालयात दाखल झाले. जेमतेम चाळीस मिनिटांत वजन उतरवण्यासाठी त्यांच्या जठराभोवती सिलिकॉनचा एक पट्टा बसवला गेला आणि त्याच दिवशी ते घरी गेले. बातमी फुटली ती थेट मे महिन्यात. त्यांच्यावर शस्त्रक्रिया करणारे डॉ. जॉर्ज फील्डिंग यांच्या स्वतःच्या पोटातही असाच पट्टा होता. या उपचाराला याहून मोठी शिफारस ती कुठली मिळणार?

पण तोवर पट्ट्याचे दिवस फिरले होते. अमेरिकेतल्या या क्षेत्रातल्या सर्जनांच्या संघटनेचा अंदाज असा की, २०११ मध्ये वजन कमी करण्यासाठी झालेल्या दर शंभर शस्त्रक्रियांपैकी सुमारे ३५ पट्ट्याच्या होत्या. पाच वर्षांत हा आकडा तीन-चारवर आला आणि आता तो शंभरात एकही उरलेला नाही. स्वस्त, सोपा, कापाकापी नसलेला आणि नको झाला तर काढता येणारा म्हणून ज्याची ख्याती होती, तो उपचार दहा-बारा वर्षांत जवळजवळ मोडीत निघाला. पट्टे बसवायचे थांबले तरी बसवलेले पट्टे अनेकांच्या पोटात आहेतच. मुंबई-पुण्यातही त्या काळात ते बसवले गेले. परदेशी नोकरीत असताना तिथल्या विम्यातून हे काम उरकून आलेले लोकही आहेत. त्या सगळ्यांना पोटातल्या पट्ट्यासोबत रोज तीन वेळा जेवायला बसावं लागतं.

आधी वस्तू समजून घेऊ. जठराच्या अगदी वरच्या भागाला, अन्ननलिका संपते त्याच्या थोडं खाली, हा पट्टा आवळून बसवतात. त्याच्या आतल्या अंगाला सायकलच्या ट्यूबसारखी फुगणारी पोकळी असते. तिथून एक बारीक नळी निघते आणि पोटाच्या कातडीखाली शिवलेल्या एका डबीला जोडलेली असते. या डबीला पोर्ट म्हणतात. कातडीवरून सुई टोचून पोर्टमध्ये सलाईन सोडलं की पट्टा आवळतो, काढून घेतलं की सैलावतो. कारभार सगळा मिलिलिटरचा. जुन्या पट्ट्यांत एकूण चार मिलिलिटर मावायचं, नंतरच्या मोठ्या पट्ट्यांत दहा ते चौदा. अर्धा मिलिलिटर इकडचा तिकडे झाला तर माणसाचं जेवण बदलतं. फुगवता येणाऱ्या पट्ट्याची ही कल्पना १९८०च्या दशकातली; स्वीडनमध्ये आणि अमेरिकेत ती साधारण एकाच सुमारास पुढे आली. सप्टेंबर १९९३ मध्ये बेल्जियममध्ये डॉ. मितिकु बेलाच्यू यांनी तो पहिल्यांदा दुर्बिणीतून बसवला. लहानपणी इथिओपियात गुरं राखणारा हा मुलगा पुढे युरोपात सर्जन झाला होता. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाची मंजुरी २००१ मध्ये आली.

आता गैरसमज. पट्ट्याच्या वर एक छोटी पिशवी तयार होते, ती दोन घासांत भरते, अन्न तिथे साठून राहतं आणि म्हणून पोट भरल्यासारखं वाटतं, असं अनेक वर्षं रुग्णांना चित्र काढून सांगितलं जायचं. मेलबर्नमधल्या अभ्यासकांनी हे तपासून पाहिलं, तेव्हा पट्टा नीट लागलेला असेल तर घास तिथे साठतच नाही असं दिसलं. अन्ननलिका दोन-चार वेळा आकुंचन पावते, त्या प्रत्येक आकुंचनाला घासाचा थोडाथोडा भाग पट्ट्याखाली सरकतो आणि मिनिटभरात वाट मोकळी होते. पट्ट्याचा दाब आणि घासाच्या प्रत्येक सरकण्याने जठराच्या त्या भागातल्या मज्जातंतूंना मिळणारा इशारा, यांतून भूक शमते. म्हणजे पट्टा बांधासारखा अन्न अडवत नाही, तो भूक मारतो. अन्न वर तुंबायला लागलं, तर एकतर पट्टा फार आवळलाय किंवा माणूस घाईने जेवतोय.

रोजच्या जगण्याचे सगळे नियम यातूनच निघतात. घास नखाएवढा घ्यायचा. त्याचा पार लगदा होईस्तोवर चावायचा. गिळल्यावर मिनिटभर थांबायचं, मगच पुढचा. एका जेवणात अर्धा कप अन्न आणि साधारण वीस मिनिटं. तेवढ्यात संपलं तर संपलं, नाहीतर ताट बाजूला. जेवताना पाणी नाही. सोड्याची पेयं नाहीत. मोठ्या गोळ्या फोडून किंवा पातळ औषधाच्या रूपात, आणि दुखणं थांबवायच्या काही गोळ्या तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय अजिबात नाहीत, कारण त्या जठराच्या अस्तराला इजा करतात. झोपायच्या आधी दोन-तीन तास काही खायचं नाही. नाहीतर रात्री आडवं झाल्यावर घशाशी येतं आणि खोकून खोकून जाग येते.

वाचताना सोपं वाटतं. करून पाहा. घास गिळल्यावर घड्याळाकडे बघत एक मिनिट हात मांडीवर ठेवून बसा, आणि असं पंधरा-वीस घास. आपलं जेवण हातातोंडाची गाठ घालण्यात संपतं, मध्ये थांबणं ही आपल्याला ठाऊकच नसलेली गोष्ट आहे.

नियम चुकला की काय होतं? घास अडकतो. छातीच्या मधोमध, बरगड्यांच्या फटीशी, कोणी अंगठा रोवून धरावा तसं दुखतं. तोंडात लाळ सुटते, साधी नाही, तारेची, फेसाळ, थांबता थांबत नाही. ती गिळताही येत नाही, कारण खाली वाट बंद असते. मग माणूस ‘आलोच’ म्हणून टेबलावरून उठतो, बेसिनपाशी ओणवा उभा राहतो आणि थोड्या वेळाने न पचलेला घास जसाच्या तसा वर येतो. ही ओकारी नव्हे. ॲसिडची चव नसते, मळमळ नसते. आला तसा परत गेला, एवढंच. इंग्रजी बोलणाऱ्या पट्टाधारकांनी याला ‘पीबी’ असं लाडाचं नाव ठेवलंय. कधीतरी झालं तर चालतं. आठवड्यातून चार वेळा होत असेल तर तो शिस्तीचा प्रश्न नसून पट्ट्याचा आहे, आणि डॉक्टरांकडे जायची वेळ आहे.

सर्वात जास्त दगा देतात ते मऊ पाव, तंतुमय मांस आणि चिकट भात. पावाला जे लागू तेच आपल्या गरम मऊ चपातीलाही; चावली की तिचा पुन्हा कणकेचा गोळा होतो. शेवग्याच्या शेंगेचे तंतू, संत्र्याच्या फोडीची साल, हेही तसेच. पातळ आमटी मात्र सुरळीत उतरते. आईस्क्रीमही. मिल्कशेक, चॉकलेट, श्रीखंड, सगळं विनातक्रार उतरतं, आणि पट्ट्याची खरी मेख इथे आहे. कोशिंबीर आणि चिकन अडकतं, बासुंदी अडकत नाही. घास अडकण्याला कंटाळलेला माणूस नकळत मऊ आणि गोड खाण्याकडे वळतो आणि पट्टा घट्ट असूनही वजन वाढतं. बाहेरच्यांना वाटतं, जिभेवर ताबा नाही. प्रत्यक्षात बहुतेक वेळा पट्टा गरजेपेक्षा जास्त आवळलेला असतो आणि तो किंचित सैल केल्यावर माणूस पुन्हा भाजी-उसळ खाऊ लागतो. ‘वजन कमी होत नाही, अजून आवळा’ ही रुग्णांची मागणी आणि तिला मान तुकवणारे डॉक्टर यांनी किती पट्ट्यांची वाट लावली असेल!

आणि मग आपल्याकडचा आग्रह. लग्नाच्या जेवणात अर्धा कप खाऊन थांबलेल्या पाहुण्याला कोण सोडतं? ‘काय हो, आवडलं नाही का?’, ‘एवढ्याने काय होतंय, अजून एक जिलबी’, ‘मामा, तुम्ही पण ना, पथ्यबिथ्य आजच्या दिवस बाजूला!’ ज्याने घरातही कोणाला सांगितलेलं नाही, त्याची इथे पंचाईत होते. आणि न सांगणारे पुष्कळ. त्याचं कारणही समजण्यासारखं आहे. ब्रिटनमधल्या टीव्ही निवेदिका फर्न ब्रिटन यांनी पट्टा बसवून घेतल्याचं २००८ मध्ये उघड झालं, तेव्हा केवढा गहजब झाला. त्या एका पथ्याच्या बिस्किटाच्या जाहिरातीत झळकत होत्या, त्यामुळे ‘फसवलं’ हा सूर होता हे खरं. पण त्याखाली दुसरा सूर होता तो ‘सोपा मार्ग निवडला’ असा. बेसिनपाशी ओणवं उभं राहणं ज्याला सोपा मार्ग वाटतो, त्याच्याशी वाद घालण्यात अर्थ नाही.

पट्टा पडला का, याची दोन उत्तरं दोन शहरांत सापडतात. मेलबर्नमध्ये डॉ. पॉल ओब्रायन यांच्या गटाने रुग्णांना सोडलंच नाही. पट्टा बसवणं ही सुरुवात आणि पुढची तपासणी हाच उपचार, असं ते मानत. त्यांच्याकडे पंधरा वर्षांनंतरही रुग्णांचं जादा वजन सरासरी ४७ टक्के कमी राहिलं होतं. म्हणजे १२० किलोच्या माणसाचं योग्य वजन ७० धरलं, तर जादा पन्नासपैकी साधारण साडेतेवीस किलो गेले आणि परत आले नाहीत. पंधरा वर्षं टिकलेली ही घट क्षुल्लक नाही. नव्याने टाइप-२ मधुमेह झालेल्या साठ जणांवर मेलबर्नमध्येच झालेल्या आणि २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, पट्टा बसवलेल्या तिसांपैकी २२ जणांचा मधुमेह दोन वर्षांनी ओसरला होता. नुसता आहार-औषधांचा उपचार घेतलेल्या तिसांपैकी चौघांचा. तरीही याच गटाच्या रुग्णांपैकी ४३ टक्क्यांवर कधी ना कधी दुरुस्तीची शस्त्रक्रिया करावी लागली, हेही त्यांनी लपवलेलं नाही.

दुसरं शहर ब्रसेल्स. तिथे १९९४ ते १९९७ दरम्यान पट्टा बसवलेल्यांपैकी ८२ जणांना बारा-तेरा वर्षांनी पुन्हा तपासलं. जवळपास निम्म्यांचे पट्टे काढावे लागले होते. दहातल्या जवळजवळ तिघांच्या बाबतीत पट्टा हळूहळू जठराची भिंत कुरतडत आत शिरला होता.

एवढा फरक का? जुने पट्टे कडक होते, बसवण्याची पद्धतही नंतर सुधारली. पण मला वाटतं, खरं कारण सुईत आहे. पहिल्या वर्षात पाच-सहा वेळा आणि नंतर जन्मभर अधूनमधून कोणीतरी पोर्टमध्ये सुई टोचून सलाईनचा अंदाज घ्यायला हवा, माणूस काय जेवतो ते विचारायला हवं. या कामात सर्जनला ना कीर्ती ना पैसा. अमेरिकेत पट्टा विकला गेला तो चाळीस मिनिटांची शस्त्रक्रिया म्हणून. दक्षिण कॅलिफोर्नियात तर हमरस्त्यांवर ‘१-८००-गेट-थिन’चे भलेमोठे फलक लागले होते, जाहिरातीत धोक्यांचा उल्लेख धड नाही, म्हणून डिसेंबर २०११ मध्ये अन्न व औषध प्रशासनाने त्या जाहिरात कंपनीला आणि शस्त्रक्रिया केंद्रांना ताकीद दिली. त्याच वर्षी त्याच प्रशासनाने बीएमआयची अट शिथिल करून, आजार जोडीला असेल तर ३० बीएमआयलाही पट्टा चालेल, असं ठरवलं होतं. पट्टे भरपूर बसले. सुई टोचणारे तेवढे नव्हते. पुढे जठराचा मोठा भाग कापून काढणारी स्लीव्ह शस्त्रक्रिया आली, तिला सुई लागत नाही, आणि सर्जन तिकडे वळले. आपल्याकडेही आज बहुतेक ठिकाणी स्लीव्ह किंवा बायपासच होते.

त्यामुळे पट्टाधारकांपुढे आज वेगळीच अडचण आहे. बसवणारे डॉक्टर निवृत्त झाले, पट्टा बनवण्याचा व्यवसाय एका कंपनीकडून दुसरीकडे विकला गेला आणि आपल्या गावातल्या डॉक्टरने पोर्ट कधी पाहिलेलाही नाही. पट्टा काढता येतो हे खरं. पण काढला की भूक परत येते आणि बहुतेकांचं वजनही. दुसरी शस्त्रक्रिया करायची तर पट्ट्याभोवती धरलेल्या चिवट व्रणातून वाट काढावी लागते, म्हणून कित्येकदा आधी पट्टा काढून, काही महिने थांबून, मग स्लीव्ह किंवा बायपास करतात.

ज्यांचा पट्टा शांत आहे त्यांनी तो उगाच काढायचं कारण नाही. मात्र वर्षातून एकदा तपासणी हवी, तक्रार नसली तरी. रात्रीचा खोकला, वाढलेली जळजळ, पोर्टपाशी लाली किंवा दुखणं, अचानक ‘हवं तेवढं खाता येतंय’ असं वाटणं (नळी गळत असेल किंवा पट्टा आत शिरत असेल) ही सांगण्यासारखी लक्षणं. दिवस गेले तर पट्टा सैल करायचा का, हे लगेच विचारावं. बरेच दिवस उलट्या होत असतील तर ब-१ जीवनसत्त्वाची कमतरता होऊन मेंदूला आणि नसांना इजा पोचू शकते. तेव्हा ‘बरंय, वजन उतरतंय’ म्हणून गप्प बसू नये.

आणि पाण्याचा घोटही उतरत नाही, स्वतःची लाळ गिळता येत नाही, पोटात सणकून दुखतंय, असं झालं तर पट्टा सरकल्याची शक्यता असते आणि जठराचा रक्तपुरवठा तुटू शकतो. तडक रुग्णालय गाठायचं. तिथल्या ड्यूटीवरच्या तरुण डॉक्टरला पहिलं वाक्य हे सांगायचं: पोटात गॅस्ट्रिक बँड आहे, पोर्टमधलं सगळं सलाईन आधी काढा. त्यासाठी पोर्टचा पडदा न फाडणारी ह्यूबर सुई लागते. केमोपोर्टसाठी तीच वापरतात, त्यामुळे कॅन्सर विभाग असलेल्या रुग्णालयात ती हमखास मिळते. पट्ट्याची कंपनी, आकार, बसवल्याचं वर्ष आणि आत शेवटचं किती मिलिलिटर भरलंय, हे कार्डावर लिहून पाकिटात ठेवावं, आणि घरातल्या एका तरी माणसाला ते कार्ड कुठे आहे हे सांगून ठेवावं.