टाकीची परीक्षा आणि माणसाची

जयगडहून स्वयंपाकाचा गॅस घेऊन टँकर घाटवाटांनी गोव्याकडे जातात. २२ सप्टेंबर २०२२ रोजी असा एक टँकर लांज्याजवळ अंजणारी पुलावरून काजळी नदीत कोसळला आणि चालक प्राणास मुकला. तेव्हा ही टाकी कशी असते, हे रस्त्याकाठच्या प्रत्येकाने समजून घेतले पाहिजे.

हा वायू दाबाखाली द्रवरूपात भरतात. उन्हाने द्रव फुगतो, म्हणून टाकी काठोकाठ भरावयाची नसते. दाब वाढलाच तर तो सोडणारी सुरक्षा-झडप असते; नळी तुटली तर प्रवाह अडविणारी झडप वेगळी. वळणावर द्रवाचा हिसका बसू नये म्हणून आत आडवे पत्रे बसवितात. फलकावर १०७५ हा आकडा दिसला, की आत हा वायू आहे असे समजावे. तो हवेहून जड असल्याने खोलगटात साचतो. गळती झाल्यास वारा जिकडून येतो तिकडे, चढावर जावे. विडीकाडी पेटवू नये.

पोलादाची पाण्याच्या दाबाने ठराविक मुदतीस परीक्षा होते. माणसाचे काय? १९८९ च्या मोटार वाहन नियमांनी अशा चालकास खास शिक्षण सक्तीचे केले. १९६१ च्या कायद्याने मोटार कामगाराचा दिवस आठ तासांचा ठरविला होता. पण ज्याची मजुरी खेपेवर, तो घड्याळाकडे पाहील कसा? झोपेने जड झालेल्या डोळ्यांवर झडप बसविता येत नाही. म्हणून फाटकावर टाकीच्या दाखल्याबरोबर चालकाची विश्रांतीही तपासली जावी, ही मागणी कामगाराइतकीच गावाचीही आहे.