पुळणीतल्या तारामाशाचे कूळ

रायगडच्या किनाऱ्यावर पुळण आणि खडप आलटूनपालटून येतात. आक्षी-नागावची सपाट वाळू, कोर्लईचे काळे कातळ, पुन्हा काशीदची वाळू. कोकणातले तारामासेही याच वाटणीने राहतात. उधाणाच्या ओहोटीला पाणी दूरवर हटले की ओल्या वाळूत पाच टोकांचा पुसट ठसा दिसतो. त्याखाली अर्धवट पुरलेला असतो ॲस्ट्रोपेक्टेन. कडेला कंगव्याच्या दातांसारखे काटे असलेला हा वाळूतला तारामासा आहे. खडपातल्या डबक्यांत दगडांच्या पोटाला चिकटलेला, आखूड बाहूंचा आणि रुपयाच्या नाण्याएवढा तारामासा ॲस्टेरिनिडी कुलातला. उथळ समुद्रातला सात ते नऊ लांब बाहूंचा लुइडिया मात्र बहुधा जाळ्यातूनच वर येतो. त्याला बाजार नाही, म्हणून कोळी तो परत पाण्यात टाकतात. या तिघांचे एकमेकांशी आणि इतर प्राण्यांशी नाते काय, हे ठरायला जवळपास तीन शतके लागली. त्यात सर्वांत जास्त वेळा जागा बदलली ती पुळणीतल्या ॲस्ट्रोपेक्टेनने.

वर्गीकरणाचा पहिला मोठा ग्रंथ १७३३चा. लाइपझिगचे औषधविक्रेते योहान हाइन्रिख लिंक यांनी ताऱ्यांचे दोन भाग केले. एकात बाहूंच्या खालच्या बाजूला उघडी खोबण असलेले तारे, दुसऱ्यात खोबण नसलेले. या खोबणीतूनच तारामाशाचे नालपाद बाहेर येतात आणि पाण्याच्या दाबाने हलतात. लिंक यांनी धरलेले हे लक्षण आजही टिकून आहे. पंचवीस वर्षांनी, १७५८ साली लिनियस यांनी मात्र सगळ्या ताऱ्यांना ‘ॲस्टेरियास’ या एकाच प्रजातीत घातले आणि ती प्रजाती ‘कृमी’ या भल्यामोठ्या गाठोड्यात गोगलगाई व जेलीफिश यांच्या शेजारी ठेवली. शास्त्रशुद्ध नामकरणाची सुरुवात जिथून मोजतात, त्या ग्रंथाने या बाबतीत एक पाऊल मागेच टाकले म्हणायचे. खोबण नसलेल्या ठिसूळताऱ्यांना ‘ॲस्टेरियास’मधून लामार्क यांनी १८०१ साली बाहेर काढले.

जेलीफिशचा शेजार सुटायला आणखी वेळ लागला. क्युविए यांनी चाकाच्या आऱ्यांसारखी रचना असलेले सगळे प्राणी एका विभागात ठेवले होते. तो विभाग मोडला तो तारामाशाच्या अळीमुळे. प्रौढ तारामासा पंचकोनी असला, तरी पाण्यात तरंगणारी त्याची अळी माणसासारखीच डावी-उजवी असते. १८४०च्या दशकात योहानेस म्यूलर यांनी अशा अळ्यांचा बारकाईने अभ्यास केला आणि त्याच सुमारास लॉयकार्ट यांनी जेलीफिश आणि तारामासे ज्यांत मोडतात ते कंटकचर्मी प्राणी यांना वेगळे केले. म्यूलर यांची एक चूकही पुढे उपयोगी पडली. टोर्नारिया नावाची अळी त्यांनी तारामाशाची समजली होती. ती निघाली बॅलॅनोग्लॉसस या वाळूत राहणाऱ्या कृमीसारख्या प्राण्याची. दोन्ही अळ्या इतक्या सारख्या का, या प्रश्नातून मेचनिकॉफ यांनी १८८१ साली दोन्ही गटांना एकत्र आणणारा ‘ॲम्ब्युलॅक्रेरिया’ हा गट मांडला. पुढे शंभर वर्षे तो अडगळीत पडल्यासारखा होता. जनुकांच्या अभ्यासाने त्याला पुन्हा उभे केले. तारामासा हा गोगलगाईपेक्षा पृष्ठवंशीयांना जवळचा नातलग आहे, ही गोष्ट पक्की झाली.

तारामाशांच्या घरातली वाटणी मात्र वेगळ्याच मुद्द्यावर अडली: कोणते लक्षण धरायचे? ब्रिटिश म्युझियमच्या जॉन एडवर्ड ग्रे यांनी १८४० साली चार कुले केली. ॲस्ट्रोपेक्टेन आणि ॲस्टेरिना यांची कुले आजही त्यांच्याच नावावर आहेत. फ्रान्सच्या पेरिए यांनी त्वचेवरच्या सूक्ष्म चिमट्यांवरून गण पाडले. ‘चॅलेंजर’ मोहिमेचा अहवाल लिहिताना स्लेडन यांनी १८८९ साली कडेच्या तबकड्या ठळक दिसतात की लपलेल्या असतात, हे पाहिले.

भारतीय समुद्रातले नमुने याच काळात साठू लागले. रायगडच्या समोर, मुंबईच्या गोदीत १८८१ साली ‘इन्व्हेस्टिगेटर’ हे सर्वेक्षण जहाज बांधले गेले. त्यावरचे डॉक्टर-निसर्गशास्त्रज्ञ आल्फ्रेड अल्कॉक यांनी खोल समुद्रातले तारामासे अभ्यासले. कोलकात्याच्या इंडियन म्युझियममधल्या उथळ पाण्यातल्या संग्रहावर लियाँच्या रने कोलर यांनी १९१० साली ग्रंथ प्रसिद्ध केला. पुढच्या भारतीय अभ्यासकांना तो वारंवार उघडावा लागला.

विसाव्या शतकातला खरा वाद ॲस्ट्रोपेक्टेनचा. याच्या नालपादांना चूषक नसतात, ते टोकदार असतात. त्याला गुदद्वार नाही. छोटे शिंपले तो अख्खे गिळतो आणि रिकाम्या शिंपा तोंडानेच बाहेर टाकतो. त्याच्या अळीला तळाला चिकटून बसण्याची पुढची अवस्थाही नसते. एवढे ‘नाही’ एकत्र आले की प्राणी आदिम वाटू लागतो. १९२०च्या दशकाच्या सुरुवातीला मॉर्टेन्सन यांनी तसेच मानले. मॅकब्राइड यांनी उलट सांगितले: ही लक्षणे मुळात होती, वाळूत राहायला लागल्यावर ती गळून पडली. चूषक कातळाला धरायला लागतात, वाळू उकरायला टोक बरे.

शतकाच्या अखेरीस डीएनए हाती आल्यावरही वाद लगेच मिटला नाही. १९९६ साली वाडा, कोमात्सु व सातोह यांनी मायटोकॉन्ड्रियातल्या जनुकांवरून ॲस्ट्रोपेक्टेनचा पॅक्सिलोसिडा हा गण आदिम ठरवला. २००५ साली मायटोकॉन्ड्रियाचा संपूर्ण डीएनए वाचून निघालेला निष्कर्ष नेमका विरुद्ध होता. आणि त्या शोधनिबंधाच्या लेखकांत कोमात्सु आणि वाडा दोघेही होते. आपलेच मत असे खोडायला शास्त्रातही धारिष्ट लागते. मॅकब्राइड यांची बाजू ऐंशीएक वर्षांनी वरचढ ठरली. २०११च्या माह व फोल्ट्झ यांच्या अभ्यासातही पुळणीतला तारामासा व्हॅल्व्हेटेशिया या मोठ्या शाखेतच बसला. खडपातला ॲस्टेरिनाही त्याच शाखेत आहे. तो पूर्वी स्पायन्युलोसिडा गणात असे, ब्लेक यांच्या १९८०च्या दशकातल्या मांडणीने त्याला व्हॅल्व्हेटिडात आणले. म्हणजे किनाऱ्यावरचे हे दोन शेजारी नात्यानेही समजले जात होते त्यापेक्षा जवळचे निघाले.

इतर घरांशी असलेले नातेही याच काळात ठरले. १९८६ साली न्यूझीलंडजवळ खोल पाण्यातल्या कुजक्या लाकडावर सापडलेल्या झायलोप्लॅक्स या चकतीसारख्या प्राण्यासाठी कंटकचर्मींचा सहावा वर्ग निर्माण केला होता. तो वेगळा वर्ग नव्हे, आकसलेला तारामासाच आहे, हे जनुकांनी दाखवले. ठिसूळतारे सागरी अर्चिनच्या जवळचे की तारामाशांच्या, हा जुना प्रश्न २०१४च्या सुमारास अनेक जनुकसंचांच्या तुलनेने तारामाशांच्या बाजूने सुटला. मोरोक्कोतल्या सुमारे ४८ कोटी वर्षांपूर्वीच्या खडकातला कँटॅब्रिजिॲस्टर हा जीवाश्म २०२१ साली वर्णिला गेला. त्याच्यात तारामाशांच्या आणि पंखताऱ्यांच्या खुणा एकत्र आढळल्या. तारामाशाच्या शरीराचा इतर प्राण्यांच्या शरीराशी मेळ कसा लागतो, हेही तपासले गेले: २०२३ साली कॅलिफोर्नियाच्या पॅटिरिया या ॲस्टेरिनाच्याच कुलातल्या तारामाशावर झालेल्या प्रयोगांत बाहूंच्या त्वचेत इतर प्राण्यांच्या डोक्याकडची जनुके चालू दिसली, धडाची जवळपास दिसलीच नाहीत.

सध्याच्या वर्गीकरणात जिवंत तारामाशांच्या सुमारे १९०० जाती आणि सात गण आहेत. ॲस्ट्रोपेक्टेन आणि लुइडिया एका गणात, पॅक्सिलोसिडात. खडपातला ॲस्टेरिनिडी व्हॅल्व्हेटिडात. ग्रे यांच्या वेळची कुलांची नावे टिकली, त्यांच्यावरची छपरे मात्र अनेकदा बदलली.