नियत पेशीमृत्यू आणि सूत्रकृमींचा क्रमविकास

सूत्रकृमी हा रचनेने साधा, परंतु संख्येने अफाट असा प्राणिसमूह होय. पिंपरी-चिंचवडपासून चाकणपर्यंतच्या औद्योगिक पट्ट्यात जी शेते अद्याप उरली आहेत, त्यांतील मूठभर ओल्या मातीतही सूत्रकृमींचे वास्तव्य असते. पेशीचा मृत्यू हा नेहमीच अपघात नसतो, तो शरीर घडविण्याच्या नियमांपैकीच एक नियम असू शकतो, ही गोष्ट या क्षुद्र प्राण्यांच्या अभ्यासाने विशेष स्पष्ट झाली.

सीनोऱ्हॅब्डायटिस एलेगन्स हा सुमारे एक मिलिमीटर लांबीचा पारदर्शक सूत्रकृमी. सिडनी ब्रेनर यांनी केंब्रिज येथे त्याची संशोधनासाठी निवड केली. जॉन सल्स्टन, रॉबर्ट हॉर्व्हिट्झ आणि त्यांचे सहकारी यांनी त्याच्या पेशींची वंशावळ सिद्ध केली. उभयलिंगी कृमीच्या वाढीत १,०९० कायिक पेशी उत्पन्न होतात. त्यांपैकी १३१ मरतात आणि ९५९ उरतात. कोणती पेशी केव्हा मरणार, हे प्रत्येक कृमीत जवळजवळ सारखेच ठरलेले असते. या कार्याबद्दल तिघांना २००२ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

पाणिनीय व्याकरणाच्या अभ्यासकास ही कल्पना अपरिचित वाटू नये. तेथे लोप म्हणजे निव्वळ अभाव नव्हे. ते नियमाने विहित केलेले कार्य आहे. पेशीमृत्यूचेही तसेच आहे. सेड-३ व सेड-४ ही जनुके निकामी झाल्यास मरणाऱ्या पेशी जगतात, असे १९८६ साली दिसून आले. सेड-९ हे जनुक या दोहोंच्या कार्यास आवर घालते. १९९२ साली मानवाचे बीसीएल-२ हे जनुक कृमीत घातले असता तेथील पेशीमृत्यू कमी झाला. हेच जनुक मानवात अवाजवी कार्यरत झाल्यास मरावयाच्या पेशी टिकून राहतात आणि लसीका पेशींच्या एका कर्करोगास हातभार लागतो. यावरून ही यंत्रणा अतिप्राचीन असून कृमी व मानव यांना समान पूर्वजाकडून लाभली आहे, हे उघड होते.

मग क्रमविकासात बदलते ते काय? पॅनाग्रेलस रेडिव्हायव्हस या सूत्रकृमीच्या मादीत जननग्रंथीची एकच शाखा असते. एलेगन्समध्ये दोन असतात. पॉल स्टर्नबर्ग व हॉर्व्हिट्झ यांनी १९८१ साली दाखविले की, एलेगन्समध्ये मागील शाखेच्या टोकाशी राहून तिची वाढ चालविणारी पेशी पॅनाग्रेलसमध्ये मरून जाते. एलेगन्समधील ती पेशी लेझर किरणाने नष्ट केली, तर तेथील शाखेची वाढही थांबते. एका पेशीच्या लोपाने एका अवयवाची घडण बदलू शकते, ती अशी.

दुसरे उदाहरण प्रिस्टिऑन्कस पॅसिफिकस या जातीचे. योनिमुख घडविणाऱ्या पेशी पोटाकडील त्वचेच्या ज्या रांगेतून निवडल्या जातात, त्या रांगेतील कित्येक पेशी एलेगन्समध्ये शेजारच्या त्वचेत विलीन होतात. प्रिस्टिऑन्कसमध्ये त्यांच्यापैकी सात पेशी मरतात. राल्फ सोमर व त्यांचे सहकारी यांनी १९९८ साली असे दाखविले की, लिन-३९ हे जनुक निकामी असल्यास प्रिस्टिऑन्कसमधील योनिमुखाच्या पेशीही मरतात, तर एलेगन्समध्ये त्या अकाली विलीन होतात. रक्षणकर्ते जनुक एकच. परंतु एकीकडे ते मृत्यूपासून राखते आणि दुसरीकडे विलीनीकरणापासून.

भगिनीभाषांतही असे घडते. ‘घर’ या शब्दातील अंत्य अकाराचा मराठी उच्चारात लोप होतो, ओडियात तो टिकतो. शब्द एकाच मुळाचा; लोपाचा नियम कोठे लागू होतो, एवढाच भेद. सूत्रकृमींतही मृत्यूची यंत्रणा स्थिर राहिली आणि तिच्या प्रयोगाची स्थाने बदलली.

म्हणून सूत्रकृमींच्या वंशावळींची तुलना करताना केवळ उरलेल्या पेशी मोजून भागत नाही. गळून गेलेल्याही मोजाव्या लागतात. अशा तुलनेस एकच प्रयोगशाळेतील जात पुरेशी नाही. मातीत राहणाऱ्या नाना जाती हव्यात, आणि त्यासाठी ती मातीही शिल्लक असावी लागते.