पहिली ट्राय-बाइक? आधी मापात बसा!

२०१९ मध्ये गोव्यात पहिली आयर्नमॅन ७०.३ झाली आणि कॅन्टीनमधल्या गप्पांना नवा विषय मिळाला. १.९ किलोमीटर पोहायचं, ९० किलोमीटर सायकल आणि वर २१.१ किलोमीटर धावायचं! पोहायला गॉगल आणि धावायला शूज घेतले की झालं. खिशाला खरी कात्री लागते ती सायकलमुळे. बजेट समजा पन्नास हजार, आणि नजर मात्र शोरूममधल्या काही लाखांच्या कार्बन ट्राय-बाइकवर. ईएमआयचा फॉर्म भरण्याआधी जरा थांबा.

ती नको, ही घ्या
ट्राय-बाइकवर धड पुढे झुकतं, कोपरं एअरोबारवर टेकतात आणि वारा कमी लागतो. मोकळ्या रस्त्यावर हे झकास! पण एअरोबारवर हात असताना ब्रेक हाताशी नसतात. प्रॅक्टिस तर आपल्याच रस्त्यांवर करायची, जिथे रिक्षा कधी वळेल याचा नेम नाही. म्हणून पहिली सायकल साधी अॅल्युमिनियम रोड बाइकच बरी. हवेला अडथळा करतं ते मुख्यतः आपलं अंग, सायकल नव्हे. हात खाली ड्रॉप्सवर धरून वाकायला शिकलात, तर बराचसा फायदा फुकटात पदरात पडतो. हात बसला की क्लिप-ऑन एअरोबार नंतर लावता येतात.

माप म्हणजे माप
दुकानदार 'साइज चालेल हो' म्हणाला, तरी ऐकू नका. सायकलवर बसा, टाच पेडलवर ठेवा आणि पेडल अगदी खाली न्या. पाय सरळ झाला पाहिजे, कंबर कलता कामा नये. मग ब्रेकवर हात ठेवा. कोपरं किंचित वाकलेली हवीत. ताणून हात पोचत असतील, तर फ्रेम मोठी आहे. डिस्काउंट कितीही असो, सोडून द्या.

गिअरचं गणित
शिमानोच्या क्लॅरिसला मागे ८ गिअर, सोराला ९. पहिल्या रेससाठी दोन्ही पुरेसे. त्याहून महत्त्वाचं म्हणजे पुढे ५०-३४ आणि मागे ३२ दातांपर्यंतची चक्री. कात्रजच्या चढावर हीच वाचवते. टायर २५ किंवा २८ मिलिमीटरचे घ्या, खड्ड्यांत हाडं कमी खिळखिळी होतील.

सेकंडहॅण्ड? बिनधास्त!
हौस फिटली की अनेक जण सायकल विकायला काढतात. मूळ बिल मागा आणि त्यावरचा फ्रेम नंबर जुळवून बघा. वेल्डिंगजवळ तडा नाही ना, चाकं फिरवल्यावर लचकत नाहीत ना, चेन घसरत नाही ना, हे तपासा. अॅक्सिडेंट झालेली कार्बन फ्रेम कितीही स्वस्त मिळाली, तरी नकोच.

दहा हजार बाजूला
सगळे पैसे सायकलवर उडवू नका. हेल्मेट, पॅडेड शॉर्ट्स, फ्लोअर पंप, जास्तीची ट्यूब, टायर लिव्हर आणि लाइट यांचे पैसे आधीच वेगळे काढा. पंक्चर काढायची प्रॅक्टिस घरी, हॉलमध्येच करा.

आणि पहिली रेस ७०.३ च असायला हवी, असं कुठे आहे? स्प्रिंट प्रकारात सायकल फक्त २० किलोमीटर असते. नियमांत बसत असेल, तर मित्राची हायब्रीड मागून घ्या. मजा आली, तर पन्नास हजार आहेतच. नाही आली, तर ईएमआय तरी डोक्यावर नाही!