चार्जिंग स्टेशनची शिदोरी

चार्जिंग स्टेशनला दिवसभरात किती वीज लागते यापेक्षा एका वेळी किती लागते, हा प्रश्न जास्त अवघड आहे. ६० किलोवॅटचे चार चार्जर असलेल्या महामार्गावरच्या स्टेशनात एरवी तासाला एखादी गाडी येते. जोडून सुट्ट्या आल्या की चारही जागा भरून मागे रांग लागते. त्या तासाला मागणी २४० किलोवॅटवर जाते. तेवढा भार मंजूर करून घ्यायचा तर मोठे रोहित्र आणि जाड केबल आली, शिवाय गर्दी चारच दिवस असली तरी मागणी आकार महिन्याचा भरावा लागतो.

म्हणून आवारातच बॅटरी बसवतात. मंजूर भार १०० किलोवॅट ठेवला, तर गर्दीच्या तासाला वीजवाहिनीतून १०० युनिट मिळतात आणि उरलेली १४० युनिट बॅटरी पुरवते. गाड्या नसताना, रात्री किंवा छतावरच्या सौर पॅनेलवर दुपारी, ती सावकाश भरून घेता येते. या कामाला लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी उत्तम. निकेल-कोबाल्टच्या बॅटरीपेक्षा ती जड असते, पण एका जागी बसणाऱ्या बॅटरीला वजनाचा काय त्रास? ती सहजासहजी पेट घेत नाही आणि हजारो वेळा भरता-वापरता येते. मात्र विदर्भातल्या उन्हाळ्यात पत्र्याच्या खोक्यात ती गारव्याशिवाय ठेवली, तर वेळेआधीच म्हातारी होते. थंड ठेवण्याच्या यंत्रणेत काटकसर करू नये.

हायड्रोजनच्या पंपावर साठवण ही सोय नसून गरजच आहे. मोटारीच्या टाकीत हा वायू ७०० बार दाबाने, म्हणजे हवेच्या दाबाच्या सुमारे ७०० पट दाबाने, तीन ते पाच मिनिटांत भरायचा असतो. कॉम्प्रेसरला तो वेग झेपत नाही. त्यामुळे वायू आधीच कमी, मध्यम आणि जास्त दाबाच्या सिलिंडरांत भरून ठेवतात. गाडी लागली की पहिल्यांदा कमी दाबाचा सिलिंडर उघडतो. दोन्हीकडचा दाब जुळत आला की मधला, आणि शेवटच्या भरणीपुरता जास्त दाबाचा. भरताना टाकी तापते, म्हणून वायू उणे ४० अंश सेल्सिअसपर्यंत थंड करून सोडतात.

लेहमध्ये, ३,६५० मीटर उंचीवर, एनटीपीसीने १.७ मेगावॅटच्या सौरप्रकल्पाला जोडून पाच बससाठी असे केंद्र उभारले आहे. बसमध्ये थेट भरायला हायड्रोजन ठीक. पण साठवलेल्या हायड्रोजनची पुन्हा वीज करून मोटारी चार्ज करणे तोट्याचे. बॅटरीत घातलेल्या १०० युनिटांपैकी ८५च्या आसपास परत मिळतात, हायड्रोजनच्या वाटेने जेमतेम तिसरा हिस्सा.

दाबाखालचा वायू हलगर्जीपणा खपवून घेत नाही. नॉर्वेत ओस्लोजवळच्या सांडविका येथे १० जून २०१९ रोजी अशा पंपावर स्फोट झाला. चौकशीत कारण निघाले ते असे: उच्च दाबाच्या टाकीच्या बुचाचे बोल्ट जोडणीच्या वेळी पुरेसे आवळले गेले नव्हते.