घसरलेला संघ आणि घरी बसवलेला प्रशिक्षक

खेळाडूचे पाय थकले की लोक त्याचे नाव विसरतात. खालिद जमील यांनी मात्र मैदान सोडले नाही. १९७७ साली कुवेतमध्ये जन्मलेले खालिद मुंबईच्या महिंद्र युनायटेड व एअर इंडिया या संघांकडून मधल्या फळीत खेळले. २००९ साली ते मुंबई एफ.सी.चे प्रशिक्षक झाले. तुटपुंज्या पैशांत त्यांनी हा संघ सात वर्षे आय-लीगमध्ये टिकवला. तरीही २०१६ साली त्यांना पद सोडावे लागले.

त्याच वर्षी मिझोरामचा ऐझॉल एफ.सी. आय-लीगमधून खाली घसरला होता. गोव्याच्या संघांनी माघार घेतली, म्हणून त्याला पुन्हा जागा मिळाली. या संघाने खालिद यांना बोलावले. मुंबईचा जयेश राणेही तिकडे गेला. बाकी बहुतेक स्थानिक पोरे! ३० एप्रिल २०१७ रोजी शिलाँगला सामना १-१ बरोबरीत सुटला आणि बलाढ्य मोहन बागानला एका गुणाने मागे टाकून ऐझॉल विजेता ठरला. ईशान्य भारतातील संघाने राष्ट्रीय लीग जिंकण्याची ही पहिलीच वेळ.

पुढे ऑगस्ट २०२५ मध्ये खालिद भारतीय संघाचे प्रशिक्षक झाले. पुढच्याच महिन्यात मध्य आशियाई स्पर्धेत भारताने ओमानला पेनल्टीत हरवून तिसरा क्रमांक मिळवला.

पालकहो, एका वर्षाच्या निकालावरून मुलाची किंमत ठरवू नका. घसरलेल्यालाही दुसरी संधी हवी असते. ती मिळाली की तो काय करतो, हे ऐझॉलने दाखवले आहे.