कोपराचे हाड

उन्हाळ्याच्या सुटीत सातारा-सांगलीकडील मुले आंब्याचिंचांच्या झाडांवर चढतात. पडताना मूल हात पुढे टेकते आणि सारा भार कोपरावर येतो. कोपराच्या किंचित वर दंडाचे हाड चपटे व पातळ असते. पाच ते सात वर्षांची तुमची धाकटी भावंडे पडली, म्हणजे ते बहुधा तेथेच मोडते.

मुलांचे हाड ओल्या फांदीसारखे असते. मनगटाजवळ राहिलेला थोडासा बाक वाढीबरोबर आपोआप सरळ होतो. कोपराजवळ तसे होत नाही. तेथील वाकडेपणा जन्मभर सोबत करतो.

हाडवैद्य बांबूच्या कामट्या लावून हात आवळून बांधतो. त्याच्या बोटांत कसब नसते असे नाही. परंतु कोपराच्या पुढून हाताची मुख्य रोहिणी जाते, ती त्याला दिसत नाही. सूज वाढते, बांधणी मात्र सैल होत नाही. बोटे फिकी व गार पडतात. ती सरळ करू जाता मूल किंचाळते. काही तासांतच स्नायू मरू लागतात आणि पुढे बोटे कायमची आखडतात. जर्मन शल्यवैद्य फोल्कमन यांनी १८८१ साली या व्यंगाचे वर्णन केले.

मिरजेस डॉ. वानलेस यांनी १८९४ साली रुग्णालय उघडले, तेव्हा क्ष-किरणांचा शोधही लागलेला नव्हता. तो पुढच्या वर्षीचा. हाड कसे मोडले, हे चाचपूनच ताडावे लागे. आज ते छायाचित्रात दिसते. दवाखान्यात पोहोचेपर्यंत हात आहे तसाच झोळीत सैल ठेवावा. तो ओढू नये, तेल चोळू नये आणि मुलाला खाऊही घालू नये. कारण भूल देण्यास पोट रिकामे लागते. प्लास्टर सुमारे तीन-चार आठवड्यांनी निघते.